नावाआधी सिस्टर लिहा

बसा, सगळे बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे डावीकडे सतरंजी रिकामी आहे. हिवरखेडहून आलेली मंडळी, तुम्ही सकाळपासून जीपमध्ये आहात, तुम्ही तरी उभं राहू नका.

मला बोलायला सांगितलं आहे. मी सारी नोकरी मुलींना नर्सिंग शिकवण्यात घालवली. घसा बसायचा, पण बोलणं संपायचं नाही. आज या माइकसमोर उभी आहे आणि पहिलं वाक्य सापडत नाही. हे मंगल कार्यालय आहे, माझ्या पाठीमागे पांढरी चादर लावली आहे आणि तिच्याखालून लग्नाची सोनेरी अक्षरं दिसताहेत. मघापासून मी तेच पाहते आहे. मंगला असती तर तिनं मला कोपर मारलं असतं. म्हणाली असती, "काय वं कुंदे, तिकडं काय पायतं, लोक इकडं बसेल हायेत."

मी कुंदा. इथल्या बऱ्याच मुली मला टीचर म्हणतात. मी अमरावतीहून इथे अकोल्याला आले आहे. मंगला आणि मी अकोल्याच्या एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, एका बाकावर. मग एका नर्सिंग स्कूलमध्ये, एका खोलीत. पुढे मी शिकवायला अमरावतीला गेले आणि ती पेशंटजवळ राहिली. गेली कित्येक वर्षं ती हिवरखेडच्या केंद्रात होती. एका ट्रस्टचं ते छोटं रुग्णालय, मोठं ऑफिस अमरावतीला. जे तिला फक्त शेजारीण म्हणून ओळखत होते, त्यांच्यासाठी हे सांगते आहे.

आणि ती गेली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मला पुढचं काही बोलता येणार नाही.

त्या ऑफिसच्या वऱ्हांड्यात एक लाकडी बाक आहे. त्या दिवशी मंगलाची आणि रेखाची सुनावणी होती. रेखा तिच्याच हाताखाली तयार झालेली नर्स, ही इथे पुढे बसली आहे. मी नुसती सोबत गेले होते. मधे मंगला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रेखा. थंडीचे दिवस, ऊन पायांवर आलं होतं, बरं वाटत होतं. मंगलानं पर्समधून दोन संत्री काढली. एक रेखाच्या हातात दिलं. एक सोललं आणि अर्धं मला दिलं. म्हणाली, "खा वं. तोंड कडू झालं असन तुयं."

मी खात होते. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, डुलकी लागली. घरून, अकोल्याहून, पहिल्या गाडीनं आली होती. मी हळूच म्हटलं, "मंगले, झोपतेस काय? आता नाव पुकारतील." ती बोलली नाही. मी खांदा हलवला नाही. म्हटलं, झोपू द्यावं, गेले काही महिने तिला झोप नव्हती.

ती माझ्या खांद्यावर होती आणि मी संत्रं खात होते.

भाऊजी, तुम्ही मला त्या दिवशी विचारलंत, माझी बायको शेवटी काही बोलली का. मी म्हटलं, नाही. ते खरं नाही. तोंड कडू झालं असेल, असं बोलली. माझं. तिचं नाही, माझं.

रेखाच्या लक्षात आलं. तिच्या हातातला मंगलाचा हात सुटला. मग पुढचं भराभर झालं. आम्ही तिला फरशीवर निजवलं. रेखा गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात मंगलाच्या छातीवर ठेवले, आणि तिनं वर पाहिलं. आधी ऑफिसच्या बंद दाराकडे. मग माझ्याकडे. आणि मला विचारलं, "टीचर, मी करू?"

ऐकलंत तुम्ही? नीट ऐका. शिकलेली, नोंदणी झालेली, इतकी वर्षं वॉर्डात काढलेली नर्स. समोर तिची स्वतःची सिस्टर पडलेली. आणि ती परवानगी मागत होती.

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. प्रश्न तोंडात होता तेव्हाच हात कामाला लागले होते. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातले डॉक्टर येईपर्यंत ती थांबली नाही. ते थांबा म्हणाले तरी थांबली नाही, त्यांना तिचे हात धरावे लागले. रेखा, डॉक्टरांनी तुला सांगितलं, मी पण सांगते, आणि आज सगळ्यांसमोर सांगते. मंगला खांद्यावरच गेली होती. तुझ्या प्रश्नानं काही हुकलं नाही. एवढं तू मनातून काढून टाक.

पण तो प्रश्न तिच्या तोंडी आला कुठून? आम्ही तर तिला असं शिकवलं नव्हतं. मी गेले कित्येक दिवस हाच विचार करते आहे. घरात भाजी चिरताना करते, देवापुढे बसले की करते.

थोडं मागे जाते. म्हाताऱ्या माणसांना मागे जायला आवडतं, ते तुम्ही चालवून घ्या.

मंगलाच्या वडिलांची फुलशेती होती, अकोल्याच्या बाहेर. निशिगंध, शेवंती, झेंडू. दर शनिवारी ते सायकलवरून आमच्या कॉन्व्हेंटच्या प्रार्थनाघरासाठी फुलं आणायचे. एकदा सोबत मंगला आली. केरळातून आलेल्या एक बुटक्या सिस्टर होत्या, त्यांनी तिला विचारलं, शाळेत येशील का. ती म्हणाली, "येतो ना." आमच्याकडं मुलीपण येतोच म्हणतात. सिस्टर हसल्या, आणि मंगला आमच्या वर्गात आली. निशिगंधाचा वास तिच्या दप्तराला असायचा. अजून मला तो वास आला की इंग्रजीचं व्याकरण आठवतं.

त्या शाळेत सगळ्याला परवानगी लागायची. वर्गात यायला, बाहेर जायला, पाणी प्यायला, खिडकी उघडायला. दारात उभं राहून म्हणायचं, "मे आय कम इन, सिस्टर?" आणि त्या हो म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचं. मंगलाला ते कधीच जमलं नाही. ती विचारायची, पण विचारतानाच एक पाय आत असायचा. सिस्टर म्हणायच्या, "मंगला, फर्स्ट आस्क." ती म्हणायची, "विचारलं ना, सिस्टर. येता येता विचारलं." आम्ही बाकाखाली तोंड घालून हसायचो. तिला वर्गाबाहेर उभं करायचे आणि ती तिथून खुशाल बागेतल्या माळ्याला सांगायची की गुलाब चुकीचा छाटून राहिला.

पण एक लक्षात घ्या. ती विचारायची. न विचारता ती कधी आत आली नाही. पुढचं सगळं समजायला हे लागेल.

सिस्टर हा शब्द आम्हाला तिथे मिळाला. आम्ही नर्स झालो तेव्हा मंगला म्हणाली, "पाय वं, त्या सिस्टर, आता आपुन सिस्टर. फक्त आपल्याले लगन करता येते." भाऊजी, हे तुम्हाला पाहायच्या आधीचं आहे. पाहिल्यावर तिचं मत बदललं नाही, काळजी करू नका.

हिवरखेडच्या मंडळींना माहीत आहे ती किती कडक होती. तुम्हीच मला सांगायचात. अंगात कणकण आहे, अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून द्या, असं म्हणत कोणी आलं की ती दारातच आडवी यायची. "डॉक्टरनं लिहून देलं काय? नाई ना? मंग घरी जा, ताक पे." चुलत नणंद आली तरी तेच. कोणी म्हणालं, ताई, गोळीचं नाव तेवढं लिहून द्या, तर म्हणायची, "मी नर्स हाओ. मी चिठ्ठी लिहीत नसतो." लोक चिडायचे. एक आजी तर माझ्यासमोर म्हणाल्या, "ही बाई सलाईन काय तिच्या बापाच्या मळ्यातून आनून राहिली?" मंगला म्हणाली, "मळ्यातून आनलं असतं तं तुमाले फुलं देली असती, आजी." आजी हसल्या आणि ताक प्यायला घरी गेल्या.

अशी बाई. आणि तिच्यावर आरोप काय, तर मर्यादा सोडून डॉक्टरकी केली.

आता संतोषचं सांगते. संतोष, तू खाली पाहू नकोस. तू आलास याचं आम्हाला बरं वाटलं आहे. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.

कपाशीवर फवारणीचे दिवस होते. संतोष, म्हणजे हिवरखेडच्या आपल्या गजाननभाऊंचा धाकटा भाऊ, याला दुपारी शेतातून केंद्रात आणलं. अंगावरचा सदरा औषधानं भिजलेला, तोंडाला फेस, घामानं निथळलेला, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. फवारणीचं विष अंगात गेलेला माणूस या जिल्ह्यातल्या कुठल्याही नर्सनं पाहिलेला आहे, मी जास्त वर्णन करत नाही. डॉक्टर त्या दिवशी मीटिंगसाठी अकोल्याला गेलेले. मंगलानं आधी फोन केला. विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, ॲट्रोपिनचं इंजेक्शन द्या, मी निघालो, गरज पडली तर परत फोन करा. तिनं इंजेक्शन दिलं. कपडे काढून अंग धुतलं, ॲम्ब्युलन्स बोलावली.

या विषात एक इंजेक्शन पुरत नाही. छाती मोकळी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, आणि दर वेळी किती द्यायचं हे डॉक्टरनं सांगायचं असतं. मंगलानं परत फोन लावला. लागला नाही. डॉक्टर अकोटच्या अलीकडे कुठेतरी बिनरेंजच्या रस्त्यावर होते. तिनं रेखाला फोन दिला, म्हणाली, तू लावत राय. रेखा लावत राहिली. इकडे संतोषच्या छातीतून घरघर यायला लागली.

मग मंगलानं दुसरं इंजेक्शन दिलं. फोन रेखाच्या कानाला, आणि सुई मंगलाच्या हातात. नंतर मंगला त्याचा श्वास सांभाळत होती, तेव्हा तिसरं रेखानं दिलं. मंगलाच्या सांगण्यावरून. ॲम्ब्युलन्स आली. संतोष अकोल्याला पोचला, आणि आज तो तिथे, त्या खांबापाशी, निळ्या स्वेटरमध्ये बसला आहे.

येता येता विचारलं. सवयच होती तिची.

आणि यावर कोणाची तक्रार नव्हती. हे लक्षात घ्या. डॉक्टर आले, त्यांनी कागद पाहिले, सही केली, म्हणाले, बरं झालं सिस्टर. प्रकरण संपलं होतं. मंगलानं मला फोनवर सांगितलं तेही असंच, मधेच, पापड वाळवण्याच्या गप्पांत.

मग गावानं तिचा सत्कार करायचं ठरवलं. गजाननभाऊ, रागावू नका. तुम्ही जे केलंत ते प्रेमानं केलंत. मला ते माहीत आहे, मंगलालाही माहीत होतं. पण मला आज सगळं नीट सांगायचं आहे.

सत्कार म्हटलं की फ्लेक्स आलाच. पोरांनी मंगलाचा हळदीकुंकवातला एक फोटो शोधला. तेल्हाऱ्याच्या फ्लेक्सवाल्यानं त्यातलं तोंड कापलं आणि एका पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरणीच्या धडावर बसवलं. गळ्यात स्टेथोस्कोप. मान जरा वाकडी. आणि वर भल्या मोठ्या अक्षरांत, आमच्या गावाची देवदूत, डॉ. मंगलाताई. चौकात, पाण्याच्या टाकीखाली लावला.

मंगलानं तो पाहिला आणि मला फोन केला. हसून हसून तिला बोलता येईना. "कुंदे, मायं धडच बदललं वं या लोकायनं. कोन्या भलत्याच बाईचं हाये. बारीक हाये पन. तेवढं बरं झालं." मी पण हसले. आम्ही दोघी किती वेळ हसत होतो.

मग ती चौकात गेली. म्हणाली, "गजाननभाऊ, तो फ्लेक्स काढा. मी डॉक्टर नाई." भाऊ काय म्हणाले? "ताई, तुमी लाजून राहिल्या." ती म्हणाली, "लाजून नाई राहिली. काढा." भाऊ म्हणाले, "आमच्यासाठी तुमीच डॉक्टर. लोकायले मालूम पडू द्या." आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं एक कोपरा सुटला तर त्यांनी तारेनं पक्का बांधला. तिनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा चिडून सांगितलं. जितकं ती सांगायची, तितकं गाव म्हणायचं, पाहा, किती साधी बाई आहे.

आपल्याकडं असंच आहे. कोणी नको म्हटलं की आपण आणखी एक पोळी वाढतो.

कोणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो काढला. तो इकडून तिकडे गेला. कुठल्यातरी ग्रुपवर कोणीतरी विचारलं, ही डॉक्टर कोण, हिची डिग्री कोणती? तिथून अमरावतीच्या ऑफिसात. मग जुने कागद निघाले. दुसरं इंजेक्शन कोणाच्या आदेशानं? तिसरं कोणी दिलं? आदेश लेखी आहे का? आणि नोटीस आली, अधिकारकक्षेबाहेर जाऊन उपचार केले आणि स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतलं. मंगला निलंबित. रेखाची नोकरी करारावरची, तिला सांगितलं, तुमचा करार पुढे का वाढवावा याचं कारण द्या. मग ट्रस्टच्या बाकीच्या केंद्रांतही चौकशी सुरू झाली. धारणीच्या मुलींना नोटिसा, धामणगावला नोटिसा. डॉक्टर जागेवर नसताना ज्या ज्या नर्सनं फोनवर ऐकून काही केलं, त्या सगळ्या एकदम गुन्हेगार झाल्या.

मी इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ऑफिसातले लोक राक्षस नाहीत. खेड्यापाड्यांत बोगस डॉक्टर आहेत, त्यांच्या हातून माणसं मरतात, हे तुम्हाला आम्हाला ठाऊक आहे. आदेशाशिवाय औषध द्यायचं नाही, हा नियम मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवला. उद्या परत वर्गात उभं केलं तर परत शिकवीन. पण त्या नियमात एक जागा मोकळी राहून गेली आहे. डॉक्टर जवळ नाही, फोन लागत नाही, आणि माणूस समोर पडला आहे. त्या वेळी काय करायचं, हे कोणी लिहिलेलं नाही. तिथे आजवर नर्स उभी राहायची. आता ऑफिसानं तिला सांगितलं, तिथे उभी राहिलीस तर घरी जाशील. मग ती उभी राहील का? आणि ती नाही, तर तिथे कोण उभं राहणार आहे? मी विचारते आहे. मला खरंच माहीत नाही.

त्या प्रश्नानंच त्या दिवशी रेखाचे डोळे ऑफिसच्या बंद दाराकडे गेले.

नोटीस आली त्या दिवशी मंगला माझ्याकडे अमरावतीला आली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. चहा घेतला, बशीत ओतून, फुंकून. मग म्हणाली, "कुंदे, इंजेक्शनचं मी पायून घेईन. मी फोन लावला, त्यायले सांगीन. मले येगळंच लागलं." मी म्हटलं, काय लागलं? म्हणाली, "मी गजाननभाऊले विचारलं, डॉक्टर काहून लिहिलं बाप्पा, सिस्टर काहून नाई? तं ते म्हनते, नुसतं सिस्टर लिहिलं तं लोकायले कमी वाटलं असतं." बशी खाली ठेवली. "सिस्टर कमी हाये काय वं?"

मी तिच्या बशीत आणखी चहा ओतला.

"मी सलाईन नाई लावलं कोनाले, चिठ्ठी नाई लिहिली, काहून? मले भेव वाटत होतं म्हनून? मी सिस्टर हाओ म्हनून. डॉक्टर व्हाले नाई जमलं म्हनून सिस्टर नाई झालो मी. मले हेच पायजे होतं."

ऑफिसानं म्हटलं, तू स्वतःला मोठी समजलीस. गावानं म्हटलं, तू मोठी आहेस. आणि ती दोघांना सांगत होती की मी जी आहे ती पुरी आहे. ना ऑफिसानं ऐकलं, ना गावानं. बाकावर बसेपर्यंत कोणी ऐकलं नाही.

तिची सुनावणी आता होणार नाही. फाइल बंद झाली, असं मला कळवलं आहे. किती सोपं असतं ना? पण रेखाची बंद झालेली नाही. तिची तारीख पुढे ढकलली होती, ती या आठवड्यातच आहे. रेखाच्या घरी सासू अंथरुणावर आहेत, नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. मी हे दया यावी म्हणून सांगत नाही. तिची नोकरी गेली तर काय जाईल हे कळावं म्हणून सांगते. आणि नुसती नोकरी नाही जाणार. तिचे हात जातील. त्या वऱ्हांड्यात मंगलाच्या छातीवर ते हात ठेवून तिला दाराकडे पाहताना मी पाहिलं आहे.

डॉक्टर, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. तुम्ही आलात, स्मशानातही आला होतात. तुम्ही तरुण आहात, तुमचाही करारच आहे, मला कळतं. तुम्ही ऑफिसला लिहून दिलंत की पहिल्या इंजेक्शनची सूचना फोनवर दिली होती. ते खरं आहे. पण चितेपासून बाजूला घेऊन तुम्ही मला दुसरं एक वाक्य सांगितलंत. म्हणालात, "टीचर, मी तिथे असतो तर मीही हेच केलं असतं." तेही खरं आहे ना? मग ते माझ्या कानात ठेवून काय उपयोग? मी रिटायर्ड बाई. ते तिथे सांगा. रेखासमोर, त्या टेबलापाशी. एवढंच एक वाक्य. मी तुम्हाला भाग पाडू शकत नाही. मी फक्त मागते आहे.

आता शेवटचं. ते बोलायला मी मघापासून धीर गोळा करते आहे.

मी सकाळी इथे उतरले आणि दारातच थबकले. कार्यालयाच्या फाटकावर फ्लेक्स लावला आहे. भावपूर्ण श्रद्धांजली. तोच फोटो, तोच कोट, तीच वाकडी मान. आणि खाली, कै. डॉ. मंगलाताई.

मी ती अक्षरं दोनदा वाचली.

आत येताना कोणीतरी त्याचा फोटोही काढत होतं.

गजाननभाऊ फाटकाशी होते. डोळे सुजलेले. मला म्हणाले, "रातच्याले बनवून आनला, टीचर. ताईले आवडला नाई पयल्या वक्ती, म्हनून या वक्ती फुलाची बॉर्डर टाकली." तेव्हा मी तशीच आत आले, भाऊ. म्हणून आता बोलते. आपल्या नर्सेसपैकी काही जणी तो उतरवायला निघाल्या होत्या. मीच थांबवलं. प्रेमानं लावलेलं उतरवायचं नाही. तिलाही ते चाललं नसतं.

पण तो तसा राहिला तर या आठवड्यात तो त्या टेबलावर जाईल. म्हणतील, पाहा, मेल्यावरही डॉक्टर. आणि जी तिच्यासोबत होती, तीही तसलीच. तुम्ही रेखाचं वाईट करायला गेला नाहीत, मला ठाऊक आहे. पण होईल.

म्हणून मी मागच्या खोलीत एक काम केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाची पट्टी कापली आणि त्यावर जाड पेनानं एक शब्द लिहिला. सिस्टर. अक्षर चांगलं आलं आहे, कॉन्व्हेंटमध्ये बोटांवर पट्ट्या खाऊन मिळवलेलं आहे. ही पाहा. लांबून दिसते ना? ती 'डॉ.' या अक्षरावर चिकटवायची आहे. बाकी काही काढू नका. स्टेथोस्कोप राहू द्या, तो नर्सच्याही गळ्यात असतो. फुलांची बॉर्डर राहू द्या, ती फुलवाल्याची लेक होती. आणि ते धड तर राहूच द्या. ते तिला आवडलं होतं.

गजाननभाऊ, हे तुम्हीच लावा. दुसऱ्या कोणी लावायचं नाही. संतोष, खळ तिथे टेबलाखाली आहे, ती घे. फाटक उंच आहे, स्टूल लागेल. डॉक्टर, तुम्ही स्टूल धराल का? धरा. आणि पट्टी सरळ लागली की नाही हे खालून रेखा पाहील. तिची नजर सरळ आहे, मंगलाच सांगायची.

कमी नाही हो, भाऊ. सिस्टर हा कमी शब्द नाही. मी तुम्हाला शिकवत नाही. तुमच्या घरातला माणूस तिनं कोण म्हणून वाचवला, एवढं फक्त आठवा.

शोकसभेत सगळे थोडा वेळ उभे राहतात आणि बसतात. आज कोणी घड्याळ पाहू नका. हे चौघं बाहेर जाऊन, ते काम करून परत येईपर्यंत आपण उभे राहू. काही बोलायचं नाही. त्यांना जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्या.

हं, रेखा. जा. काय पाहतेस माझ्याकडे? विचारू नकोस. जा.

उभे राहू या.

मंगले, तू झोप. मी खांदा हलवत नाही. तुझं नाव पुकारलं की सांगते. आज नीट पुकारतील.